नेटवर्क पुन्हा पुन्हा बसतंय? किती सेकंद बसलं ते आधी मोजा

दोन कोअर (मधले मुख्य) स्विच, प्रत्येक ॲक्सेस स्विचवरून (ज्याला संगणक जोडतात) दोन्हींकडे एकेक अपलिंक, सगळीकडे स्पॅनिंग ट्री (जादा लिंक अडवून लूप, म्हणजे डेटाचं गोल गोल फिरणं, टाळणारा प्रोटोकॉल) चालू. आराखडा बघितला तर चूक काढायला जागा नाही. तरीही अधूनमधून अख्खं नेटवर्क बसतं, थोड्या वेळाने आपोआप उभं राहतं, आणि कुणी लॉग उघडेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. कुणीतरी वैतागून स्विच रीबूट करतं. काही दिवस शांततेत जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

अशा तक्रारीत बहुतेक जण थेट कॉन्फिगरेशनला हात घालतात. बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात तो संदेश) आला की पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड लाव, रूट गार्ड लाव, जिथे जे सुचेल ते लाव. माझा आग्रह असा, की आधी दोन आकडे लिहून काढा: नेटवर्क किती वेळ बसतं आणि किती वेळाने पुन्हा बसतं. स्पॅनिंग ट्रीचे टायमर ठरलेले आहेत. हॅलो (बीपीडीयू किती वेळाने पाठवायचा) २ सेकंद, फॉरवर्ड डिले (पोर्ट उघडण्याआधीच्या प्रत्येक टप्प्यात किती थांबायचं) १५, मॅक्स एज (बीपीडीयू आला नाही तर जुनी माहिती किती वेळ धरायची) २०. त्यामुळे खंड किती लांबीचा आहे यावरून बिघाड कुठल्या जातीचा आहे हे बऱ्याचदा तिथल्या तिथे कळतं. वापरणाऱ्यांना "मधूनमधून जातं का?" असं विचारू नका. एका मशीनवर सतत पिंग चालू ठेवा, वेळेसकट फाइलमध्ये साठवा, आणि स्विचची घड्याळं एनटीपीने जुळवून घ्या. घड्याळं जुळलेली नसतील तर चार स्विचचे लॉग शेजारी शेजारी ठेवूनही काही हाती लागत नाही.

लॉगबद्दल आणखी एक. वादळ (लूपमुळे येणारा फ्रेमचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा पूर) चालू असताना सिसलॉग (लॉग गोळा करणाऱ्या) सर्व्हरकडे निघालेले संदेश त्याच तुंबलेल्या नेटवर्कमधून जात असतात, म्हणजे नेमके महत्त्वाचे संदेश तिथे पोचत नाहीत. ते स्विचच्या स्वतःच्या बफरमध्ये असतात आणि रीबूट केलं की पुसले जातात. म्हणून रीबूट करण्याआधी कन्सोल केबल लावून 'शो लॉगिंग' (इथल्या सगळ्या आज्ञा सिस्को स्विचच्या) उतरवून घ्याच.

खंड ३० सेकंदांचा असेल तर

ही जुन्या ८०२.१डी ची, म्हणजे मूळ स्पॅनिंग ट्रीची खूण. पोर्ट उघडण्याआधीचे दोन टप्पे, लिसनिंग १५ आणि लर्निंग १५, मिळून ३०. बिघाड थेट आपल्या लिंकवर नसून पलीकडे कुठेतरी झाला असेल तर आधी मॅक्स एजचे २० जातात आणि एकूण ५० होतात. रॅपिड स्पॅनिंग ट्री, म्हणजे ८०२.१डब्ल्यू, २००१ सालचं आहे. तरीही कितीतरी जाळ्यांत एखादा जुना स्विच किंवा जुना मोड राहून गेलेला असतो.

मोड रॅपिड असूनही ३० सेकंद लागत असतील तर दोन ठिकाणी बघा. पहिलं ठिकाण डुप्लेक्स, म्हणजे लिंकवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी (फुल) बोलता येतं की आळीपाळीने (हाफ). रॅपिड स्पॅनिंग ट्रीतली झटपट बोलणी फक्त पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर होतात, आणि लिंक पॉइंट-टू-पॉइंट आहे की शेअर्ड हे स्विच डुप्लेक्सवरून ठरवतो. एका बाजूला स्पीड-डुप्लेक्स हाताने बांधलेलं आणि दुसरी बाजू ऑटोवर, की दुसरी बाजू हाफ डुप्लेक्सला जाऊन बसते, त्या टोकाला लिंक 'शेअर्ड' ठरते आणि तिथे जुना रस्ता धरला जातो. 'शो स्पॅनिंग-ट्री' च्या शेवटच्या रकान्यात 'पीटूपी' च्या जागी 'एसएचआर' दिसलं की कारण सापडलं. दुसरं ठिकाण म्हणजे पूर्वी कधीतरी शेजारी असलेला जुना स्विच. जुन्या पद्धतीचा बीपीडीयू आला की पोर्ट त्या पद्धतीवर उतरतो, आणि तो स्विच काढून टाकल्यावरही कधीकधी तिथेच अडकून राहतो. 'क्लिअर स्पॅनिंग-ट्री डिटेक्टेड-प्रोटोकॉल्स' दिलं की तो पुन्हा नव्याने बोलणी करतो.

दर पाच मिनिटांनी झटका

पिंगची फाइल उघडली आणि बरोबर ३०० सेकंदांच्या अंतराने एक-दोन सेकंदांचे खड्डे दिसले, तर एरडिसेबल रिकव्हरी (चुकीमुळे बंद केलेला पोर्ट आपोआप उघडणारी सोय) तपासा. तिचा डीफॉल्ट अवधी ३०० सेकंदांचा. घडतं ते असं: कुठल्यातरी टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं खोचलेली असतात. आपला पोर्ट वर येतो, पोर्टफास्ट (आधीचे टप्पे वगळणारी सेटिंग) असल्यामुळे लगेच फॉरवर्डिंगला (फ्रेम पुढे पाठवण्याच्या स्थितीत) जातो, लूप तयार होतो, आपलाच बीपीडीयू फिरून परत येतो आणि बीपीडीयू गार्ड पोर्ट बंद करतो. गार्डने काम चोख केलं. पण पाच मिनिटांनी रिकव्हरी तोच पोर्ट पुन्हा उघडते आणि सगळं पहिल्यापासून घडतं. मधल्या सेकंदाभराच्या वादळाचा फटका त्या व्हीलॅनमधल्या (स्विचवर वेगळ्या केलेल्या त्या जाळ्यातल्या) सगळ्यांना बसतो. गिगाबिट लिंकवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात, आणि इथरनेट फ्रेमला आयपी पॅकेटसारखा टीटीएल (आयुष्याची मर्यादा) नसल्यामुळे फिरणारी फ्रेम आपणहून कधीच मरत नाही. एक सेकंद पुरेसा असतो.

म्हणून बीपीडीयू गार्डसाठी आपोआप रिकव्हरी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोर्ट बंद पडला की कुणीतरी जाऊन बघायलाच हवं. जागा दूर असेल आणि माणूस पाठवणं अवघड असेल तर निदान अवधी वाढवा आणि प्रत्येक एरडिसेबलचा अलर्ट येईल असं करा.

इथूनच एक फार घातक प्रकार सुरू होतो आणि तो मला वारंवार दिसतो. पोर्ट सारखा बंद पडतोय, समोरचा माणूस ओरडतोय, वेळ नाही. मग कुणीतरी त्या पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूफिल्टर एनेबल' टाकतं. तक्रार त्या क्षणी थांबते. पण इंटरफेसवर टाकलेला बीपीडीयू फिल्टर त्या पोर्टवरून बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेला बघतही नाही. म्हणजे त्या पोर्टपुरतं स्पॅनिंग ट्री बंदच. शिवाय फिल्टर गार्डच्या आधी काम करतो, त्यामुळे कॉन्फिगरेशनमध्ये बीपीडीयू गार्डची ओळ तशीच दिसत राहते, वाचणाऱ्याला वाटतं की संरक्षण आहे, आणि प्रत्यक्षात गार्डपर्यंत काही पोचतच नाही. ग्लोबल पातळीवरचा 'पोर्टफास्ट बीपीडीयूफिल्टर डीफॉल्ट' वेगळा वागतो: तो सुरुवातीला थोडे बीपीडीयू पाठवतो, आणि समोरून बीपीडीयू आला तर पोर्टचा पोर्टफास्ट काढून त्याला साध्या पोर्टासारखं वागवतो. नावात साम्य असलं तरी या दोन आज्ञांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडात मी सगळ्यात आधी हेच शोधतो:

शो रनिंग-कॉन्फिग | इन्क्लूड बीपीडीयूफिल्टर

ही ओळ एखाद्या इंटरफेसखाली सापडली आणि तिथे ती का आहे हे कुणालाच सांगता येत नसेल, तर ती काढल्यावर काय बंद पडतं त्याकडे लक्ष ठेवा. जे बंद पडेल तिथेच लूप आहे.

सकाळी हळू, दुपारी ठीक

नेटवर्क पूर्ण बसत नाही, पण मशीनं चालू-बंद होण्याच्या वेळी सगळं संथ होतं. ही टोपोलॉजी चेंजची, म्हणजे जाळ्याची रचना बदलल्याच्या सूचनांची तक्रार. ज्या पोर्टांवर पोर्टफास्ट नाही, त्यातला कुठलाही पोर्ट फॉरवर्डिंगला गेला की बदलाची सूचना झाडभर फिरते आणि स्विच शिकलेले मॅक (नेटवर्क कार्डांचे) पत्ते टाकून देतात. जुन्या पद्धतीत पत्त्यांचं आयुष्य ३०० सेकंदांवरून १५ वर येतं, रॅपिडमध्ये ते लगेच पुसले जातात. पत्ता माहीत नाही म्हणून फ्रेम सगळ्या पोर्टांवर ओतली जाते. दीडशे संगणक पाठोपाठ चालू झाले आणि कुणालाच पोर्टफास्ट नाही, तर तेवढा वेळ स्विच हबसारखा वागतो.

उगम शोधणं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. कोअरवर 'शो स्पॅनिंग-ट्री डीटेल' द्या. प्रत्येक व्हीलॅनखाली एक ओळ येते: टोपोलॉजी चेंजची संख्या, शेवटचा बदल किती वेळापूर्वी झाला आणि कुठल्या इंटरफेसवरून आला. समजा, ती ओळ सांगते की बदल १४ सेकंदांपूर्वी गिगाबिट १/०/२३ वरून आला. त्या पोर्टच्या पलीकडे कोण आहे ते सीडीपी किंवा एलएलडीपीने (शेजारचा स्विच ओळखणारे प्रोटोकॉल) बघा, त्या स्विचवर जा, तीच आज्ञा द्या. तिथे दुसरा पोर्ट दिसेल, तो धरून पुढे. शेवटी अशा पोर्टवर पोचाल जिथे पलीकडे स्विचच नाही. तोच उगम. तिथे पोर्टफास्ट हवा होता, किंवा त्याची केबल किंवा कार्ड खराब असून लिंक सारखी खाली-वर होते आहे. संख्या काही हजारांत गेली असेल आणि शेवटचा बदल नेहमी काही सेकंदांपूर्वीचाच असेल, तर इतर सगळं बाजूला ठेवून आधी हे संपवा. ही गडबड चालू असताना दुसरं कुठलंही निदान भरवशाचं होत नाही.

सर्व्हरचे ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारे) पोर्ट इथे हमखास सुटतात. ट्रंकवर साधा पोर्टफास्ट लागू होत नाही, 'पोर्टफास्ट ट्रंक' असं वेगळं द्यावं लागतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या होस्टच्या बाबतीत एक काळजी घ्या: आतल्या एखाद्या मशीनने स्वतःच्या दोन कार्डांमध्ये ब्रिज केला आणि बीपीडीयू बाहेर सोडला, तर गार्ड होस्टचा अख्खा पोर्ट बंद करेल. मग ट्रॅफिक दुसऱ्या अपलिंकवर जाईल आणि तोही बंद होईल. अशा वेळी गार्ड काढू नका, होस्टच्या व्हर्च्युअल स्विचवरच आतून येणारे बीपीडीयू अडवा.

ठरावीक वेळ नाही, पण बसलं की उठत नाही

सगळे दिवे एकदम, एकाच लयीत लुकलुकताहेत, एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही, सीपीयू शंभर टक्के. हा खरा लूप. आधी तो तोडा: कन्सोलवर बसून जास्तीच्या अपलिंक एकेक करून बंद करा आणि कुठली बंद केल्यावर दिवे शांत होतात ते लिहून ठेवा. कुठली लिंक ते न नोंदवता सगळ्या केबल उपसल्या तर नेटवर्क सुरू होईल, पण कारण हातचं जाईल.

लॉगमध्ये 'मॅक फ्लॅप' चे संदेश बघा: अमुक पत्ता अमुक व्हीलॅनमध्ये या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारतो आहे. दोनपैकी एक पोर्ट अपलिंक आणि दुसरा ॲक्सेस असेल, आणि एकाच ॲक्सेस पोर्टवर गेटवे, सर्व्हर, प्रिंटर अशा सगळ्यांचेच पत्ते उगवत असतील, तर लूप त्या ॲक्सेस पोर्टच्या खाली आहे. अशा पोर्टवर बीपीडीयू गार्ड असूनही तो का उडाला नाही? कारण काही स्वस्त, विनाव्यवस्थापन स्विच बीपीडीयू पुढे पाठवतच नाहीत, गिळून टाकतात. गार्डला बीपीडीयू दिसला तरच तो काम करणार. इथे स्पॅनिंग ट्रीचा इलाज संपतो. लागतं ते स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टच्या पुरावर मर्यादा), आणि पोर्ट सिक्युरिटीने पोर्टवरच्या पत्त्यांच्या संख्येवर मर्यादा. काही उत्पादकांच्या स्विचमध्ये वेगळी लूप-डिटेक्शन फ्रेम सोडायची सोय असते. ती असेल तर ॲक्सेस पोर्टांवर जरूर लावा. स्टॉर्म कंट्रोलची मर्यादा ठरवण्याआधी नेहमीच्या दिवसाचं ब्रॉडकास्ट मोजून घ्या. ॲक्सेस पोर्टवर मर्यादा ओलांडली की पोर्ट बंद करा, पण अपलिंकवर फक्त जादा फ्रेम टाकून देऊन ट्रॅप (इशारा) पाठवा. अपलिंक बंद करायची सोय ठेवली तर एका टेबलाखालचा लूप अख्खा मजला तोडेल.

फ्लॅप दोन अपलिंकांमध्येच दिसत असेल तर संशय एकतर्फी लिंकवर. ब्लॉक असलेला पोर्ट ब्लॉक राहतो तो समोरून बीपीडीयू येत राहतात म्हणूनच. फायबरची एक तार निकामी झाली, या बाजूला काहीच येईनासं झालं पण जाणारं जात राहिलं, तर रॅपिडमध्ये तीन हॅलो चुकल्यावर, म्हणजे ६ सेकंदांत, तो पोर्ट स्वतःला डेझिग्नेटेड (पुढे फ्रेम पाठवायची जबाबदारी असलेला) समजतो, मग उघडतो आणि लूप पूर्ण होऊ शकतो. सरळ गिगाबिट फायबरवर ऑटो-निगोशिएशन असं होऊ देत नाही, दोन्ही टोकं खाली आणतं. म्हणून हा बिघाड जास्त करून मधे मीडिया कन्व्हर्टर असेल किंवा निगोशिएशन हाताने बंद केलेलं असेल तिथे सापडतो. समोरच्या स्विचचा सीपीयू इतका दमला की त्याला बीपीडीयू पाठवणंच जमलं नाही, तरी परिणाम हाच.

यावर लूप गार्ड. रूट (मुख्य स्विचकडे नेणाऱ्या) आणि आल्टरनेट (राखीव, ब्लॉक असलेल्या) पोर्टवर बीपीडीयू येणं थांबलं तर तो पोर्ट उघडू न देता 'लूप-इन्कन्सिस्टंट' ठेवतो, आणि बीपीडीयू पुन्हा सुरू झाले की आपोआप सोडतो. मात्र पोर्टवर निदान एकदा तरी बीपीडीयू आलेला असला तरच तो जागा असतो. लिंक पहिल्यापासूनच एकतर्फी असेल, किंवा जोडताना दोन फायबरच्या तारांची अदलाबदल झाली असेल, तर ते यूडीएलडी (एकतर्फी लिंक शोधणारा प्रोटोकॉल) पकडतं. मग फक्त यूडीएलडी का नको? वेळेमुळे. डीफॉल्ट १५ सेकंदांच्या संदेशांवर त्याला निदान करायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागू शकतं, आणि लूप त्याआधीच होऊ शकतो. दोन्ही लावा.

रूट कुठे आहे?

रूट म्हणजे स्पॅनिंग ट्रीच्या मुळाशी असलेला स्विच. तो ठरवणं हे खरं तर दहा मिनिटांचं काम, आणि तरीही अनेक ठिकाणी झालेलं नसतं. सगळ्यांची प्रायॉरिटी डीफॉल्ट ३२७६८ असेल तर सगळ्यात लहान मॅक पत्त्याचा स्विच रूट होतो, आणि एकाच उत्पादकाच्या स्विचमध्ये तो बऱ्याचदा सगळ्यात जुना असतो. मग दोन कोअरमधली जलद लिंक ब्लॉक होऊन सगळं ट्रॅफिक कोपऱ्यातल्या जुन्या स्विचमधून वाहायला लागतं. 'रूट प्रायमरी' ही आज्ञा मी वापरत नाही, कारण ती त्या क्षणीची परिस्थिती बघून एकदाच आकडा ठरवते. सरळ आकडा द्या:

स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १-४०९४ प्रायॉरिटी ४०९६

हे मुख्य कोअरवर, दुसऱ्यावर ८१९२. आकडा ४०९६ च्या पटीतच चालतो. शून्य मोकळं ठेवा, उद्या कोअर बदलताना नव्या स्विचला ते लागेल. हे करताना पाथ कॉस्टची (रस्त्याच्या किमतीची) पद्धत सगळीकडे एक आहे ना तेही बघा. जुन्या शॉर्ट पद्धतीत गिगाबिटची किंमत ४ आणि लाँग पद्धतीत २००००. सरमिसळ असेल तर स्विच भलताच रस्ता स्वस्त धरतात.

साखळीत एकामागोमाग जोडलेले स्विचही मोजा. डीफॉल्ट टायमर सात स्विचच्या व्यासासाठी धरलेले आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाचं नेटवर्क स्पॅनिंग ट्री अशाच मर्यादेबाहेर वाढल्यामुळे कोलमडलं आणि सुमारे चार दिवस तिथलं काम कागदावर करावं लागलं.

रूट गार्ड (रूटपेक्षा वरचढ बीपीडीयू आला की पोर्ट अडवणारा) कोअरच्या खाली जाणाऱ्या पोर्टांवर लागतो, ॲक्सेसच्या अपलिंकवर कधीच नाही. तिथे रूटचा बीपीडीयू येणारच असतो, त्यामुळे गार्ड लगेच लिंक अडवेल. दोन कोअरमधल्या लिंकवरही नाही. रूट गार्ड आणि लूप गार्ड एकाच पोर्टवर एकत्र चालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण एक डेझिग्नेटेड पोर्टसाठी आहे आणि दुसरा रूट-आल्टरनेटसाठी.

दुसऱ्या कोअरवर रूट गार्ड लावताना थांबून विचार करा. दोन्ही कोअरमधली लिंक तुटली तर दुसऱ्या कोअरला रूटकडे जायचा एकच रस्ता उरतो, तो ॲक्सेस स्विचमधून वर येणारा. त्या रस्त्याने रूटचा वरचढ बीपीडीयू खालच्या पोर्टवर येतो, रूट गार्ड त्याला घुसखोर समजतो आणि पोर्ट 'रूट-इन्कन्सिस्टंट' करतो. एकेक करून खालचे सगळे पोर्ट अडतात आणि दुसरा कोअर एकटा पडतो. त्याच्या मागचे सर्व्हर आणि बाहेरची लिंक त्याच्याबरोबर जाते. म्हणून कोअर-कोअर जोडणी एकाच केबलवर ठेवू नका. वेगवेगळ्या लाइन कार्डांवरून, शक्यतो वेगळ्या मार्गाने नेलेल्या निदान दोन लिंकांचा पोर्ट-चॅनल (अनेक केबलची मिळून एक लिंक) करा, आणि मगच दुसऱ्या कोअरच्या खालच्या पोर्टांवर रूट गार्ड लावा.

लावल्यावर तपासणी

कामाची वेळ संपल्यावर, आधी सांगून, मुद्दाम बिघाड करून बघा. एका ॲक्सेस स्विचच्या दोन पोर्टांमध्ये केबल खोचा: एक-दोन सेकंदांत निदान एक पोर्ट एरडिसेबल व्हायला हवा आणि बाकीच्यांचं पिंग एखाद-दुसऱ्या पॅकेटपलीकडे चुकायला नको. ॲक्सेसची चालू अपलिंक उपसा: रॅपिडमध्ये दुसरा रस्ता सेकंदाच्या आत उघडतो, ३० सेकंद लागले तर पुन्हा डुप्लेक्स आणि मोडकडे जा. मुख्य कोअर बंद करून दुसरा रूट होतो का ते बघा. तो परत चालू केल्यावर काय होतं त्याकडेही तितकंच लक्ष द्या, कारण परत येतानाचा खंड अनेकदा जातानाच्या खंडापेक्षा मोठा असतो. शेवटी कोअर-कोअर पोर्ट-चॅनलमधली एक केबल काढा. 'शो स्पॅनिंग-ट्री इन्कन्सिस्टंटपोर्ट्स' रिकामं राहायला हवं. प्रत्येक वेळी किती सेकंद गेले ते तारखेसह लिहा आणि तो कागद रॅकच्या दारावर चिकटवा. पुढच्या वेळी खंड पडला की पिंगच्या फाइलमधला आकडा आधी त्या कागदाशी ताडून बघा.